एकट्याची बुद्धी आणि चौघांची पडताळणी

एक सोपे गणित घ्या. एक बॅट आणि एक चेंडू मिळून ११० रुपये पडतात. बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग आहे. तर चेंडूची किंमत किती? बहुतेकांच्या मनात '१० रुपये' हे उत्तर चटकन उमटते. पण चेंडू १० रुपयांचा असेल तर बॅट ११० रुपयांची होईल आणि दोन्ही मिळून १२० रुपये होतील. बरोबर उत्तर ५ रुपये. हे पडताळून पाहायला सहावी-सातवीचे गणित पुरते. तरीही याच धर्तीचा, डॉलर आणि सेंटमधला प्रश्न अमेरिकेतील हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि एम.आय.टी. या नामवंत संस्थांत विचारला गेला, तेव्हा निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी चटकन सुचलेले चुकीचे उत्तरच लिहून दिले.

डॅनिएल काहनेमन यांच्या 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातील हे एक गाजलेले उदाहरण आहे. काहनेमन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले. ज्या संशोधनासाठी ते मिळाले, त्यातील मोठा भाग त्यांनी एमॉस ट्वर्स्की या सहकाऱ्याबरोबर केला होता. ट्वर्स्की १९९६ साली वारले, त्यामुळे पारितोषिकात त्यांचे नाव येऊ शकले नाही. काहनेमन यांचे निधन मार्च २०२४ मध्ये झाले. माणूस विचार करताना कुठे आणि का घसरतो, या विषयावर सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकांत या ग्रंथाइतका प्रभाव क्वचितच दुसऱ्या कोणाचा असेल. शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांतही यातील उदाहरणे वापरण्याजोगी आहेत. म्हणूनच त्याचे गुण आणि उणिवा दोन्ही नीट तपासल्या पाहिजेत.

माणसाच्या विचाराला आणि वागण्याला तीन प्रकारच्या मर्यादा पडतात असे स्थूलमानाने म्हणता येईल. पहिली बुद्धीची, दुसरी भावनेची आणि तिसरी समाजाची. काहनेमन यांनी पहिलीचा फार सुरेख वेध घेतला आहे. दुसरीकडे त्यांनी एकाच बाजूने पाहिले आहे. तिसरीला पुस्तकात जवळजवळ जागाच नाही. आणि प्रसिद्धीनंतर या पुस्तकाच्या एका प्रकरणाचे जे झाले, त्यातून नेमके या तिसऱ्या गोष्टीचेच महत्त्व पुढे आले.

पुस्तकाचे म्हणणे

काहनेमन मनाच्या कामाच्या दोन रीती मानतात. पहिली जलद, आपोआप चालणारी, फारसे श्रम न घेणारी. ओळखीचा चेहरा पाहताच त्यावरचा राग कळणे, दोन अधिक दोनचे उत्तर न मोजता येणे, ही तिची कामे. दुसरी सावकाश, लक्ष लागणारी, दमवणारी. १७ गुणिले २४ हा गुणाकार तोंडी करायला तिची गरज पडते. ही दुसरी रीत आळशी आहे. पहिलीने पुढे केलेले उत्तर बरे वाटले की ती तपासणी न करताच त्यावर सही करते. बॅट आणि चेंडूच्या प्रश्नात हेच घडते. मेंदूत अशा दोन वेगळ्या पेट्या आहेत असे लेखकाला म्हणायचे नाही. समजावण्याच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे.

या चौकटीत बसवलेले अनेक प्रयोग आजही भक्कम उभे आहेत. १९८१ सालचा एक प्रयोग पाहा. एका रोगाच्या साथीत ६०० माणसे मरण्याची शक्यता आहे. उपाय 'क' केला तर २०० माणसे वाचतील. उपाय 'ख' केला तर सर्व ६०० वाचण्याची शक्यता एक तृतीयांश आणि कोणीही न वाचण्याची दोन तृतीयांश. असे विचारल्यावर ७२ टक्के लोकांनी 'क' निवडला. दुसऱ्या गटाला हेच उपाय वेगळ्या शब्दांत सांगितले. पहिल्या उपायात ४०० माणसे मरतील. दुसऱ्यात कोणीही न मरण्याची शक्यता एक तृतीयांश आणि सर्व मरण्याची दोन तृतीयांश. आता पहिला उपाय फक्त २२ टक्क्यांनी निवडला. आकडे तेच आहेत. 'वाचतील'च्या जागी 'मरतील' आले एवढाच फरक, आणि तेवढ्याने निर्णय फिरला.

१९७४ सालच्या लेखातील एक प्रश्न शिक्षकांना विशेष उपयोगी पडेल. एका गावात दोन रुग्णालये आहेत. मोठ्या रुग्णालयात रोज सुमारे ४५ बाळे जन्मतात, लहानात सुमारे १५. ज्या दिवशी ६० टक्क्यांहून अधिक मुलगे जन्मले, असे दिवस वर्षभरात कोणत्या रुग्णालयात जास्त असतील? ९५ विद्यार्थ्यांपैकी ५३ जणांनी 'दोन्हीकडे सारखेच' असे सांगितले. उरलेल्यांपैकी २१ जणांनी मोठे रुग्णालय म्हटले, २१ जणांनी लहान. बरोबर उत्तर लहान रुग्णालय हे आहे, कारण नमुना लहान असला की सरासरीपासून दूरचे निकाल अधिक वेळा मिळतात. दहा वेळा नाणे उडवून सात छापे येणे नवलाचे नाही. हजार वेळा उडवून सातशे आले तर मात्र नाणे तपासायला हवे. हा लहान नमुन्याचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

चूक बुद्धीची की प्रश्नाच्या मांडणीची?

इथपर्यंत पुस्तकाशी मतभेद होण्याचे कारण नाही. पण अशी उदाहरणे एकामागून एक वाचताना माणूस मुळातच अविवेकी प्राणी आहे असा ग्रह होऊ लागतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांचा आक्षेप इथेच आहे. त्यांचे म्हणणे असे की अनेक चुका बुद्धीच्या नसून माहिती ज्या रूपात दिली जाते त्या रूपाच्या असतात.

त्यांनी आणि उलरिख होफराग यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील एक प्रश्न घेऊ. तो सरावासाठी रचलेला आहे, प्रत्यक्ष तपासणीचे आकडे म्हणून वाचू नये. एका रोगाचे प्रमाण १ टक्का आहे. रोग असेल तर तपासणी ८० टक्के वेळा 'होय' दाखवते. रोग नसेल तरी ९.६ टक्के वेळा चुकून 'होय' दाखवते. एका बाईच्या तपासणीत 'होय' आले, तर तिला रोग असण्याची शक्यता किती? बहुतेक लोक ७०-८० टक्क्यांच्या आसपास उत्तर देतात. आता हीच माहिती मोजणीच्या रूपात मांडू. १००० बायकांपैकी १० जणींना रोग आहे. त्या १० पैकी ८ जणींची तपासणी 'होय' येते. उरलेल्या ९९० जणींना रोग नाही, पण त्यातील ९५ जणींची तपासणीही 'होय' येते. म्हणजे एकूण १०३ 'होय', आणि त्यात खरा रोग असलेल्या ८. उत्तर सुमारे ८ टक्के. टक्केवारीच्या रूपात प्रश्न दिला तेव्हा १६ टक्के उत्तरे योग्य रीतीने काढलेली होती, मोजणीच्या रूपात दिला तेव्हा ४६ टक्के. डोकी त्याच प्रकारची होती, फक्त फळ्यावरची मांडणी बदलली होती.

मांडणी बदलल्याने चुका कमी होतात हे काहनेमन यांना ठाऊक होते. 'शंभरांपैकी किती' असे विचारल्यावर सुधारणा होते, याचा उल्लेख पुस्तकात एका उदाहरणाच्या संदर्भात येतो. पण त्यातून निघणारा धडा पुढे नेलेला नाही. शिक्षकाच्या दृष्टीने तो धडा फार मोलाचा आहे. वर्गातील निम्मी मुले एका प्रश्नात एकाच रीतीने चुकत असतील, तर मुलांच्या बुद्धीआधी प्रश्नाची मांडणी तपासावी.

भावना: अडथळा की आधार?

भावनेबद्दल पुस्तकाचा सूर थोडा संशयाचा आहे. आवडनिवड आधी ठरते आणि तिच्या पुष्टीसाठी कारणे नंतर शोधली जातात, हे लेखक अनेक उदाहरणांनी दाखवतात, आणि ते खरेही आहे. ज्या गोष्टी आपल्याला आवडतात त्यांचे फायदे मोठे आणि धोके लहान दिसतात. पण भावना बाजूला काढली तर शुद्ध विवेक शिल्लक राहील काय?

मेंदूविज्ञानाचे अभ्यासक अंतोनिओ दमासिओ यांनी १९९४ साली 'डेकार्ट्स एरर' या पुस्तकात एका रुग्णाची हकिगत दिली आहे. त्याला ते एलियट या टोपणनावाने ओळखतात. कपाळामागच्या भागातील गाठ काढताना त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली होती. शस्त्रक्रियेनंतर त्याची स्मरणशक्ती, भाषा, आकडेमोड सारे शाबूत होते. बुद्धिमापनाच्या चाचण्यांत तो सर्वसाधारण माणसापेक्षा सरसच होता. पण त्याला कशाचे फारसे सुख वाटेना की दुःख वाटेना. आणि त्याला साधे निर्णयही घेता येईनात. कागद तारखेनुसार लावावेत की विषयानुसार, या विचारात त्याची अख्खी दुपार जाई. त्याची नोकरी गेली, पैसा बुडाला, संसार मोडला. सर्व पर्याय आणि त्यांचे परिणाम तो बिनचूक सांगू शके. त्यातला कोणता आपल्याला महत्त्वाचा वाटतो, तेवढेच त्याला कळत नव्हते.

दमासिओंच्या सिद्धान्ताच्या तपशिलांबद्दल वाद आहेत. तरीही एवढे म्हणता येते की भावना विचाराला कुंपण घालते तशीच दिशाही देते. 'भावनेच्या आहारी जाऊ नका' असा उपदेश आपण मुलांना करतो. तो अपुरा आहे. कुतूहल आणि उत्तर चुकेल याची रुखरुख याही भावनाच आहेत, आणि त्यांच्यावाचून विज्ञान चालत नाही.

चौथ्या प्रकरणाचे काय झाले?

आता पुस्तकाच्या सर्वांत दुबळ्या जागेकडे येऊ. चौथ्या प्रकरणात 'प्रायमिंग' या विषयावरचे प्रयोग आहेत. एखादा शब्द किंवा चित्र नजरेखालून गेले की आपल्या नकळत आपले वागणे बदलते, असा त्यांचा दावा. यातील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग जॉन बार्ग आणि सहकाऱ्यांचा, १९९६ सालचा. विद्यार्थ्यांना विस्कटलेल्या शब्दांतून वाक्ये जुळवायला दिली. काहींच्या शब्दांत म्हातारपण सुचवणारे शब्द मिसळले होते. काम संपवून बाहेर पडताना हे विद्यार्थी मार्गिकेतून इतरांपेक्षा हळू चालले, असे आढळले. एकेका फेरीत ३० विद्यार्थी, आणि फरक सुमारे एका सेकंदाचा. काहनेमन यांनी असे निष्कर्ष नुसते सांगितले नाहीत, तर ते मान्य करण्यावाचून वाचकाला गत्यंतर नाही अशी भाषा वापरली.

जानेवारी २०१२ मध्ये, म्हणजे पुस्तक बाजारात येऊन काही महिनेच झाले असताना, बेल्जियममधील संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा करून त्याचा निकाल प्रसिद्ध केला. त्यांनी १२० जण घेतले आणि वेळ मोजण्याचे काम अवरक्त किरणांवर चालणाऱ्या यंत्राकडे सोपवले. चालण्यात काही फरक पडला नाही. मग त्यांनी दुसरा प्रयोग केला. प्रयोग घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना सांगितले की विद्यार्थी हळू चालतील, आणि निम्म्यांना सांगितले की ते भरभर चालतील. या वेळी हळू चालण्याचा परिणाम दिसला, पण ज्यांना तशी अपेक्षा होती त्यांच्याच हाताखाली. प्रयोग करणाऱ्याची अपेक्षा प्रयोगात शिरली होती. दोन गटांपैकी कोणता औषध घेतलेला आणि कोणता न घेतलेला हे मोजणी करणाऱ्याला कळू देऊ नये, हा नियम प्रयोगशाळेत आपण पाळतो तो याच कारणासाठी.

इतर आधारही डळमळू लागले. इच्छाशक्ती वापरली की ती इंधनासारखी संपत जाते, या पुस्तकात आलेल्या कल्पनेची २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून अधिक माणसांवर चाचणी घेतली. परिणाम जवळजवळ शून्य आला. इस्रायलमधील आठ न्यायाधीशांच्या निर्णयांचा अभ्यासही पुस्तकात आहे. जेवणानंतर कैद्यांच्या सुटकेचे सुमारे ६५ टक्के अर्ज मंजूर होत आणि पुढच्या विश्रांतीपर्यंत हे प्रमाण शून्याजवळ येई. भुकेलेला न्यायाधीश कठोर होतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. पण २०११ सालीच इतर अभ्यासकांनी दाखवले की अर्जांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरत नव्हता. वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणे बहुधा विश्रांतीच्या आधी, शेवटी घेतली जात, आणि अशा कैद्यांचे अर्ज एरवीही कमीच मंजूर होतात.

मुळात असे कसे घडते? समजा एका कल्पनेवर वीस ठिकाणी लहान लहान प्रयोग झाले. लहान नमुन्यांत निकाल खूप हेलकावतात, हे रुग्णालयांच्या उदाहरणात आपण पाहिले. वीसपैकी दोन-तीन ठिकाणी योगायोगानेच मोठा फरक दिसेल. ते छापले जातील. उरलेले कपाटात पडून राहतील. वाचणाऱ्याला वाटेल, पुरावा एकमुखी आहे. २०१५ साली २७० संशोधकांनी मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळ प्रयोगांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलेला होता, पुनर्प्रयोगांत ३६ टक्क्यांत उतरला.

आता यातील खरी गोम पाहा. लहान नमुन्यावर वाजवीपेक्षा जास्त विश्वास ठेवण्याची खोड खुद्द संशोधकांनाही असते, हे १९७१ सालीच एका लेखात दाखवून दिले गेले होते. त्यासाठी संख्याशास्त्र कोळून प्यायलेल्या मानसशास्त्रज्ञांनाच प्रश्न विचारले होते. त्या लेखाचे लेखक होते एमॉस ट्वर्स्की आणि डॅनिएल काहनेमन. ज्याने खड्ड्यावर पाटी लावली, तोच चाळीस वर्षांनी त्या खड्ड्यात पडला.

काहनेमन यांना कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. २०१२ साली त्यांनीच या क्षेत्रातील संशोधकांना जाहीर पत्र लिहून धोक्याची सूचना दिली आणि एकमेकांचे प्रयोग पडताळून पाहण्याची साखळी उभी करा असे सुचवले. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅनडातील उलरिख शिमॅक आणि सहकाऱ्यांनी चौथ्या प्रकरणातील पुराव्याची चिरफाड केली, तेव्हा त्यांनी जाहीर उत्तर देऊन टीका मान्य केली, आणि १९७१ च्या लेखाची आठवण स्वतःच करून दिली. ८३ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, जगभर गाजलेल्या पुस्तकाबाबत असे लिहिणे सोपे नाही. पण इथे महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना ही चूक कळली कशी? एकट्याने सावकाश विचार करून ती कळली नाही. बेल्जियममध्ये, कॅनडात आणि इतरत्र कोणीतरी पडताळून पाहिले, म्हणून ती कळली.

समाज: बेडी आणि किल्ली

पुस्तकाचे पाच भाग आहेत, प्रकरणे ३८. त्यातील एकही भाग समाज या विषयाला वाहिलेला नाही. वाचकाच्या नजरेसमोर राहतो तो एकटा बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यातला प्रश्न. समारोपात लेखक म्हणतात की आपल्या चुका ओळखण्यापेक्षा दुसऱ्याच्या ओळखणे सोपे असते, आणि संस्था व्यक्तीपेक्षा सावकाश व पद्धतशीर विचार करू शकतात. मुद्दा अगदी योग्य आहे, पण तो शेवटच्या पानांवर उरकला आहे. माझ्या मते तो ग्रंथाच्या मध्यभागी हवा होता.

समाज विचाराला बांधतो, हे आपल्याला नवीन नाही. २१ सप्टेंबर १९९५ या दिवशी गणपती दूध पितो ही बातमी देशभर आणि परदेशातही टेलिफोनवरून काही तासांत पसरली आणि देवळांपुढे रांगा लागल्या. चमचा तिरपा करून मूर्तीच्या सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध ओढले जाते आणि पातळ ओघळ मूर्तीवरून खाली उतरतो. पांढऱ्या संगमरवरावर तो दिसत नाही. सरकारी वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळून हे दाखवलेही. रांगेतील सर्वांना पृष्ठताण माहीत नव्हता असे कसे म्हणावे? पाठ्यपुस्तकांत तो असतोच. पण मागे शेकडो माणसे हात जोडून उभी असताना 'खाली ओघळ दिसतोय' असे म्हणणे ही वेगळीच परीक्षा आहे. ती बुद्धीची नाही.

सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात या परीक्षेचे मोजमाप केले. सात-आठ जणांच्या गटाला रेषा दाखवून कोणती रेषा नमुन्याइतकी लांब आहे हे विचारले जाई. त्यातील एकच जण खरा पाहुणा, बाकीचे आधी ठरवल्याप्रमाणे एकमुखाने चुकीचे उत्तर देत. एकट्याने उत्तर देताना शंभरात एकही चूक होत नसे. गटात मात्र कसोटीच्या प्रसंगी सुमारे ३७ टक्के उत्तरे गटाच्या मागे जाऊन चुकली. पाठ्यपुस्तके बहुधा इथेच थांबतात. पुढच्या दोन गोष्टीही सांगायला हव्यात. एक म्हणजे उरलेली जवळपास ६३ टक्के उत्तरे बरोबर होती, आणि चौथा हिस्सा माणसे एकदाही बधली नाहीत. दुसरी म्हणजे गटातील फक्त एकाने खरे उत्तर दिले, तरी पाहुण्याच्या चुका चौथ्या हिश्श्यावर आल्या. तेव्हा चूक लादणारा समाजच एका सोबत्याच्या रूपाने चुकीतून सोडवतोही.

समूह विचाराला मदत करतो याचा आणखी थेट पुरावा आहे. पीटर वेसन यांनी १९६६ साली एक कोडे प्रसिद्ध केले. ते आपल्या लिपीत असे मांडता येईल. टेबलावर चार पत्ते आहेत: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम खरा की खोटा हे ठरवायला कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेक जण 'अ आणि ४' म्हणतात. बरोबर उत्तर 'अ आणि ७'. ४ च्या मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही, पण ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. डेव्हिड मॉशमन आणि मॉली गाइल यांनी १९९८ साली हे कोडे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना घातले. एकेकट्याने सोडवणाऱ्यांपैकी ९ टक्के यशस्वी झाले. पाच-सहा जणांच्या गटांनी चर्चा करून सोडवले तेव्हा ७५ टक्के गट यशस्वी झाले. गटाने हुशार मुलाचे ऐकले, एवढ्याने याचा उलगडा होत नाही. ज्या गटांत आधी कोणालाच उत्तर आले नव्हते, त्यांतलेही काही वादातून उत्तरापर्यंत पोहोचले.

मग एक समूह माणसाला मुका करतो आणि दुसरा शहाणा, हे कसे? फरक नियमांचा आहे. अ‍ॅशच्या खोलीत कोणी कोणाला कारण विचारत नव्हते, फक्त उत्तरे ऐकू येत होती. कोडे सोडवणाऱ्या गटात 'का?' विचारण्याची मुभा होती आणि मत बदलण्यात कमीपणा नव्हता. विज्ञान म्हणजे असे नियम असलेला समूह. काहनेमन यांनी आयुष्यात हे चांगले आचरले होते. विरोधकांशी लेखांतून भांडण्याऐवजी दोन्ही पक्षांनी मिळून प्रयोगाच्या अटी आधी ठरवाव्यात, ही पद्धत त्यांनी रूढ करण्याचा प्रयत्न केला. गिगेरेंझर यांच्या बाजूचे रॅल्फ हर्टविग यांच्याबरोबर, बार्बरा मेलर्स यांना पंच नेमून केलेले असे काम २००१ साली प्रसिद्ध झाले. मतभेद सारे मिटले नाहीत, पण ते नेमके कुठे आहेत हे कळले. त्यांच्या पुस्तकापेक्षा त्यांच्या या कृतीतून शिक्षकाला अधिक शिकता येईल असे मला वाटते.

वर्गात काय करता येईल

पुस्तक वाचावे काय? जरूर वाचावे. नमुना, शब्दांची मांडणी, फाजील आत्मविश्वास यांवरची प्रकरणे उत्तम आहेत. चौथे प्रकरण आणि इच्छाशक्ती व न्यायाधीश यांवरचा मजकूर मात्र वर दिलेल्या माहितीसह वाचावा. एक सावधगिरी बाळगावी. चुकांच्या नावांची यादी पाठ करून दुसऱ्याला 'हा तुझा पूर्वग्रह' म्हणण्याची सवय मुलांना लागली, तर हेतूच फसेल. आपल्याला पटलेल्या मताची यादीतून सुटका आणि न पटलेल्या मतावर शिक्का, असा तिचा वापर होऊ शकतो.

त्यापेक्षा वर्गाचे नियम बदलावेत. प्रयोगाआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा, म्हणजे 'मला ठाऊकच होते' असे नंतर म्हणता येत नाही. प्रश्न विचारल्यावर हुशार मुलाचे उत्तर लगेच मोठ्याने घेऊ नये. आधी सर्वांनी लिहावे, मग चर्चा करावी. लंबकाचा काल मोजताना वाचन घेणाऱ्याला अपेक्षित उत्तर सांगू नये. प्रत्येक गटात एकाने उत्तरातील दोष शोधण्याचे काम करावे, आणि ही पाळी फिरती ठेवावी, म्हणजे दोष दाखवणे हे भांडण न वाटता काम वाटते. पन्नास मुलांनी दहा-दहा वेळा नाणे उडवून आपापला निकाल फळ्यावर लिहावा, आणि शेवटी पाचशेची बेरीज करावी. लहान नमुना कसा हेलकावतो हे त्यांना कायमचे कळेल.

वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे घटनेच्या ५१क या कलमाने नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ साली ते घटनेत आले. आपण बहुधा तो प्रत्येकाच्या डोक्यात भरायचा गुण समजतो. काहनेमन यांच्यासारख्या माणसालाही एकट्याने तो पुरला नाही, तर आपल्या विद्यार्थ्यांकडून तशी अपेक्षा का करावी? त्यांना चूक दाखवणारे सोबती आणि ती दाखवण्याची मोकळीक मिळाली पाहिजे. आठवड्याच्या पाच-सहा विज्ञानाच्या तासिकांत तेवढी मोकळीक देणे शिक्षकाच्या हातात आहे. शिक्षकाने फळ्यावर केलेली चूक मागच्या बाकावरच्या मुलीला उभे राहून सांगता येते काय, एवढे जरी पाहिले तरी आपल्या वर्गाची परीक्षा होते.